‘बघतो’ म्हणणारा मुलगा

मला बोलायला बोलावलं ते सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून. पण आज मी तंत्रज्ञानावर बोलणार नाही. घरच्या कागदपत्रांवर बोलणार आहे, कारण त्यात मी नापास झालोय.

ऑफिसात रात्री दोनला सर्व्हर बंद पडला तर मी पाच मिनिटांत लॅपटॉप उघडतो. घरी अम्मीचं पॅन आधारला जोडायचं होतं, तर मी आठ महिने ‘बघतो’ म्हणत राहिलो. 30 जून 2023 ही मुदत होती, हजार रुपये शुल्क होतं. एकदा बसलोही. आधारवर ‘शेख’ आधी, पॅनवर शेवटी, स्पेलिंगही वेगळं. नाव जुळत नाही म्हणून अर्ज अडला. आपल्यातल्या किती घरांत हे असेल, तुम्हीच बघा! मी खिडकी बंद केली. ती परत उघडलीच नाही.

1 जुलैपासून पॅन निष्क्रिय झालं. अब्बांच्या निवृत्तीचे पैसे अम्मीच्या नावावर मुदत ठेवीत आहेत, त्या व्याजावर तिचं औषधपाणी चालतं. उत्पन्न करपात्र नसल्यानं ती दरवर्षी 15एच फॉर्म भरायची. पॅन निष्क्रिय असल्यानं तो चालेना. व्याजातून 20 टक्के कर कापला जाऊ लागला. अम्मी मला काही बोलली नाही. तिनं रक्तदाबाच्या गोळ्या दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. ते मला बहिणीकडून कळलं.

मी आळशी नाही, एवढं सांगतो. पण लाइट बिल, रेशन कार्ड, बँकेची रांग हे सगळं आमच्याकडे अम्मी आणि बहीण करायच्या. मला ‘तू अभ्यास कर’ म्हणून उठवून लावायचे. बहिणीचाही अभ्यास असायचाच की! तिला कुणी उठवलं नाही. मी डिग्री घेतली, आणि पस्तिशीत साधा फॉर्म समोर आला की माझ्या पोटात गोळा येतो. लाज वाटते म्हणून विचारत नाही, विचारत नाही म्हणून काम आणखी लांबतं.

शेवटी बहिणीलाच फोन केला. ती म्हणाली, “भाईजान, आधी पॅनवरचं नाव दुरुस्त करा, मग जोडा.” रविवारी फोनवर तिच्यासमोर बसून फॉर्म भरला. चाळीस मिनिटं लागली. पुढे पॅन सुरू झालं, यंदा 15एचही दिला. कापलेला कर परत मागायला रिटर्न भरायचंय. ते अजून राहिलंय. बहीण येत्या रविवारी अकराला फोन करणार आहे.