वाळवंटातली कादंबरी कशी वाचावी

(रात्रीच्या वाचन-वर्गात केलेले भाषण)



आज मी तुम्हांला एक पुस्तक वाचायला सांगणार आहे. ते पुस्तक पोथी नव्हे, की शेतीचे माहितीपत्रक नव्हे. ती आहे कादंबरी, आणि तीही वाळवंटातली.

मागे एका वर्गावर मी हेच बोललो, तेव्हा एक वडीलधारे गृहस्थ उठून म्हणाले, "गुरुजी, आमच्या विहिरी शिमग्यालाच तळ दाखवत्यात. कोरडी जमीन आम्ही रोज बघतो. मग वाळूची गोष्ट वाचून काय मिळवायचं? आणि ती बी खोटी!"

त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर द्यावे म्हणूनच मी आज उभा आहे.

पहिल्यांदा वाळवंट म्हणजे काय ते पाहू. जिथे वर्षाला सुमारे २५० मिलिमीटर, म्हणजे दहा इंच, किंवा त्याहूनही कमी पाऊस पडतो, त्या मुलखाला वाळवंट म्हणतात. आपला माणदेश दुष्काळी खरा. पण वाळवंटापेक्षा तिथे बराच जास्त पाऊस पडतो. अरबस्तानात काही ठिकाणी वर्षच्या वर्ष कोरडे जाते. तिथे दिवसा ऊन भाजून काढते आणि थंडीच्या दिवसांत रात्री हुडहुडी भरते. अशा जागी माणूस कसा जगत असेल? तो काय खात असेल, कुणाशी बोलत असेल? माहितीच्या पुस्तकात पावसाचा आकडा मिळतो. माणसाच्या जिवाची तगमग कादंबरीत कळते.

आता एक कादंबरी सांगतो. तिचे नाव 'आडुजीवितम्'. हे नाव मल्याळी आहे. त्याचा अर्थ शेळ्यांचे जिणे. बेन्यामिन नावाच्या लेखकाने ती लिहिली आणि २००८ साली ती छापली गेली. पुढच्याच वर्षी तिला केरळच्या साहित्य अकादमीचे बक्षीस मिळाले. २०२४ साली तिच्यावरून सिनेमाही निघाला. मी ती इंग्रजी भाषांतरातून वाचली.

केरळात नजीब नावाचा एक गरीब माणूस असतो. नदीतली वाळू काढून तो पोट भरतो. घरी म्हातारी आई, आणि बायकोला दिवस गेलेले. इकडूनतिकडून पैसे उभे करून तो अरबस्तानात कामाला निघतो. त्याच्याबरोबर हकीम नावाचा एक कोवळा पोरगाही असतो. दोघे रियाधच्या विमानतळावर उतरतात. न्यायला कोणीच येत नाही. बऱ्याच वेळाने एक अरब आपली जुनी गाडी घेऊन येतो. तो कागद बघतो आणि गाडीत बसा म्हणून खुणावतो. नजीबला त्याची भाषा येत नाही. हाच आपला मालक, असे समजून तो बसतो.

गाडी शहर सोडते. दिवे मागे पडतात. रात्रभर वाळू आणि वाळूच. शेवटी ती थांबते शेळ्यांच्या वाड्यापाशी. तिथून पुढे तीन वर्षांहून जास्त काळ नजीब शेळ्या राखतो. पगार नाही. अंघोळ नाही. बोलायला माणूस नाही. खायला खुबूस नावाची रोटी, ती पाण्यात भिजवून खायची. घरून आणलेले लोणचे आहे तोवर त्याला घराची चव मिळते. पहिल्याच सकाळी तो परसाकडेहून येतो आणि धुण्यासाठी पाणी घेतो, तर मालक पट्ट्याने फोडून काढतो. पाणी शेळ्यांसाठी आहे, माणसासाठी नाही!

मंडळी, हे मी एका वर्गात वाचून दाखवले तेव्हा सगळे गप्प झाले. आपल्याकडे दारी आलेल्या परक्यालाही आधी पाण्याचा तांब्या देतात. म्हणून ते वाक्य आपल्या काळजाला लागते. याचा अर्थ असा की, ज्याने पाण्यासाठी पायपीट केली आहे, त्याला वाळवंटातली कादंबरी शहरातल्या माणसापेक्षा लवकर कळते. कोरडी जमीन रोज बघणे हे तुमचे भांडवल आहे. ते घेऊनच पुस्तक उघडा.

आता ती वाचावी कशी? मला जे उपयोगी पडले ते सांगतो.

परक्या नावांना भिऊ नका. नाव नीट म्हणता आले नाही तरी अडत नाही. तुम्ही त्याला 'शेळीवाला' म्हणा, 'म्हातारा' म्हणा आणि पुढे चला. दोन-चार पानांत ओळख पटते.

घाई करू नका. वाळवंटात फारसे काही घडत नाही. म्हणून जे थोडेसे घडते तेच मोठे असते. वाड्यात एक करडू जन्मते, एवढीच गोष्ट. पण नजीब त्याला नाव देतो नबील. हे नाव त्याने आपल्या होणाऱ्या मुलासाठी मनात ठरवलेले असते. भराभर पाने उलटणाऱ्याच्या नजरेतून ही जागा निसटते.

आणि पाणी कुठे आहे ते बघत राहा. पाणी आले की गोष्ट वळण घेते. एकदा त्या वाळवंटात पाऊस पडतो. नजीब अंग भिजवून घेतो. आणि तो बंदूकवाला मालक मात्र पावसाला भिऊन आडोशाला दडतो! हे ऐकून आमच्या वर्गातली एक आजी म्हणाली, "भिणारच की. ज्याच्या दारी पाऊस कधी येत न्हाई, त्याला तो पाहुणा वळखीचा कसा वाटंल?" असे ध्यानात यायला पदवी लागत नाही.

शक्य असेल तर चारचौघांत मोठ्याने वाचा. एकाने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. रोज पाच पाने पुरेत.

शेवटी नजीब, हकीम आणि आफ्रिकेतला इब्राहिम नावाचा एक माणूस असे तिघे पळ काढतात. दिवसचे दिवस पाण्याचा थेंब नाही. हकीम तहानेने तडफडून वाळूतच मरतो. नजीब कसाबसा सडकेला लागतो, शहर गाठतो आणि आपण होऊन पोलिसांच्या स्वाधीन होतो. तुरुंगात पळालेल्या मजुरांना ओळखायला मालक येत असतात. एक दिवस तो मालकही येतो. नजीबचे काळीज थांबते. मालक त्याच्याकडे बघतो आणि तसाच निघून जातो. जाताना एवढेच सांगतो, की हा माझ्या विसावरचा नाही, नाहीतर फरफटत नेला असता.

म्हणजे काय? तो नजीबचा मालक नव्हताच! दुसऱ्याचा माणूस त्याने विमानतळावरून पळवून नेला होता. खऱ्या मालकाचे नाव कागदावर होते. पण ती भाषा नजीबला येत नव्हती. त्याची तीन वर्षे मातीत गेली.

आता ती गोष्ट खोटी आहे का? एका माणसावर खरोखर बेतलेल्या प्रसंगांवरून लेखकाने ती रचली आहे. काही भाग त्याच्या मनचा आहे. पण रत्नागिरी-रायगडकडून आजही पुष्कळ मुले आखाती देशांत कामाला जातात. बरीचशी सुखरूप असतात, पैसे पाठवतात. तरी त्यांच्यातला एखादा सही करण्याआधी कुणाला विचारील, "यात मालकाचं नाव काय लिहिलंय?" तर ती गोष्ट कामाला आली म्हणायची.

दुसरी एक कादंबरी थोडक्यात सांगतो. अब्दुल रहमान मुनीफ या अरब लेखकाची ती आहे. नावाचा अर्थ 'मिठाची शहरे'. तिचा पहिला भाग १९८४ साली आला. वाळवंटात एक झऱ्यांचे खोरे असते. तिथे खजुरीची झाडे, तांडे, सुखी लोक. एक दिवस अमेरिकन माणसे येतात. आम्ही पाणी शोधतो, असे सांगतात. पण शोध असतो तेलाचा. मग यंत्रे येतात आणि झाडे मुळासकट उपटतात. मुतइब नावाचा म्हातारा हे बघतो, सांडणीवर बसतो आणि कायमचा निघून जातो. गाव उठते.

कोयना धरणाच्या वेळी, १९६० च्या सुमारास, ज्यांची घरे पाण्याखाली गेली त्यांना मुतइबचे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. तिकडे तेलाने गाव उठले, इकडे पाण्याने. मागे वळून बघणारी नजर तीच.

तेव्हा त्या वडीलधाऱ्यांना माझे उत्तर असे. बाबा, आपले दुःख आपल्याला एकट्याचेच वाटते. ते हजारो कोस दूरच्या माणसानेही भोगले आहे, हे वाचले की मनाला आधार मिळतो. आणि न भोगताच शहाणपण मिळाले, तर ते स्वस्तातच पडले.

एकदम परक्या मुलखात जायचे जिवावर येत असेल, तर आपल्या माणदेशापासून सुरुवात करा. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली निघाली. ते वाळवंट नाही. पण तिथे मेंढरे आहेत, धनगर आहेत, एक तरुण मास्तर आहे, आणि दुष्काळाने उठून गेलेली वाडी आहे. पुस्तक लहान आहे. ग्रंथालयात मागा, मिळेल. आज रात्री पहिली पाच पाने वाचा. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक खूण करा आणि उद्या वर्गाला घेऊन या. सगळे मिळून बघू.

रामराम.