बधिर करणाऱ्या औषधाचं दुसरं काम

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही; ती कळते डोक्याच्या त्वचेला आणि मेंदूवरच्या आवरणाला. म्हणून वाचेच्या केंद्राजवळ गाठ असेल, तर कवटीवरच्या नसांभोवती लिग्नोकेनसारखं औषध टोचून डोकं बधिर करतात आणि गाठ काढताना रुग्णाला जागं ठेवतात. रुग्ण बोलत असतो, चित्रं ओळखत असतो. शब्द अडखळला, की सर्जनचा हात तिथेच थांबतो. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांनी गेल्या शतकात ही पद्धत नावारूपाला आणली.

पण हे औषध फक्त बधिरच करतं का? मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगात हे तपासलं. गाठ काढण्याच्या ७ ते १० मिनिटं आधी तिच्याभोवती लिग्नोकेन टोचलं. सुमारे १६०० स्त्रियांचा हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध न टोचलेल्या गटात पाच वर्षांनी ८६.४ टक्के स्त्रिया हयात होत्या, टोचलेल्या गटात ९०.१ टक्के. इतकं स्वस्त, गावोगावच्या दवाखान्यात मिळणारं औषध! मला हे फार मोलाचं वाटतं.

मेंदूच्या गाठीला मात्र हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. तिथे औषध त्वचेत जातं, गाठीभोवती नाही. आणि रक्तात त्याची मात्रा वाढली तर झटके येऊ शकतात. ग्लायोमा या गाठीच्या पेशींवर लिग्नोकेनचा परिणाम प्रयोगशाळेत तपासला गेला आहे. रुग्णांच्या बाबतीत पहिला प्रश्न सुरक्षित मात्रेचाच राहील.