पट्टी मारलेला टायर आणि बदललेला रस्ता

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर-चिखली मार्गावरचे हिवरा आश्रम हे गाव विवेकानंद आश्रमामुळे सर्वदूर परिचित असून तेथे बाहेरगावच्या गाड्यांची ये-जा वर्षभर चालू असते, आणि विवेकानंद जयंतीच्या उत्सवात, जेव्हा महाप्रसाद वाढण्यासाठी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या पंगतींमधून फिरतात, तेव्हा ही वर्दळ अनेक पटींनी वाढते. अशा गावातील रस्त्याकडेच्या टायरच्या दुकानात पंक्चर काढण्याची जी रीत रूढ झाली, ती मेहकर, चिखली, लोणार, खामगाव या रस्त्यांवर ताशी पन्नास-साठ किलोमीटरने धावणाऱ्या गाड्यांना पुरेशी होती. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि मेहकर तालुक्यातूनच जाणाऱ्या या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंतचा वेग मोकळा झाला. गावात घाईने पट्टी मारलेला टायर आता तासाभरात त्या वेगाने धावू लागतो. म्हणून टायरची निगा आणि दुरुस्ती यांचा विचार या बदललेल्या रस्त्याच्या मापाने नव्याने होणे आवश्यक आहे.

चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची प्रक्रिया शोधली आणि जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ साली बेलफास्ट येथे हवा भरलेला टायर प्रचारात आणला, तेव्हापासून मूळ तत्त्व बदललेले नाही: गाडीचे वजन रबर पेलत नाही, तर रबराच्या आत दाबून भरलेली हवा पेलते. चाक फिरताना टायरचा जो भाग जमिनीला टेकतो तो किंचित चपटा होतो आणि वर जाताच पुन्हा पूर्ववत होतो, आणि या सततच्या दबण्या-सुटण्यातून रबरात उष्णता निर्माण होते. लहान मोटारींना लागणारा १६५/८० आर १४ या मापाचा टायर घेतला, म्हणजे ज्याची रुंदी १६५ मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, बांधणी रेडियल आणि रिमचा व्यास १४ इंच आहे असा टायर, तर त्याचा घेर जवळपास दोन मीटर भरतो. ताशी १२० किलोमीटर वेगात असा टायर मिनिटाला सुमारे १००० वेळा फिरतो आणि तितक्याच वेळा त्याचा प्रत्येक भाग दबतो. हवा कमी असेल तर तो प्रत्येक वेळी अधिक दबतो, अधिक तापतो, आणि त्याच्या आतील थर एकमेकांपासून सुटू लागतात.

विदर्भात या संदर्भात एक समज खोलवर रुजलेला आहे, तो असा की उन्हाळ्यात हवा तापून फुगते, म्हणून चाकात ती थोडी कमीच ठेवावी. या समजाचा पूर्वार्ध खरा आहे. तापमान पाच-सहा अंश सेल्सिअसने वाढले की मोटारीच्या टायरमधील दाब साधारण एका पीएसआयने वाढतो, पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर पडणारा पौंडातील दाब. उत्तरार्ध मात्र घातक आहे, कारण ही वाढ धरूनच गाडी बनवणारी कंपनी दाब ठरवते, आणि मुद्दाम कमी हवा ठेवलेला टायर जास्त दबून त्याहून कितीतरी अधिक तापतो. चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीत किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा हा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी काही तास उभी राहिल्यानंतरचा. धावून आलेल्या गरम चाकातून हवा सोडून तो आकडा गाठणे ही मेच्या उन्हात केलेली मोठीच चूक ठरते. सततच्या कमी हवेने टायरच्या दोन्ही कडा झिजतात, जास्त हवेने मधला पट्टा झिजतो, आणि एकच कड झिजत असेल तर दोष बहुधा चाकांच्या कोनात असतो, जो अलाइनमेंट करून दूर होतो. टायरच्या पाठीवरून फिरवलेला हातसुद्धा असा पुष्कळ काही सांगून जातो.

गावातल्या दुकानाची एक अडचण शहरातल्या दुकानाला क्वचितच येते. तेथे एकाच कॉम्प्रेसरच्या एकाच नळीने शेतात चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात बारा-पंधरा पीएसआय, मोटारीत तीस-पस्तीस आणि ट्रकमध्ये शंभराच्या वर हवा भरावी लागते, तेव्हा टायरला लाथ मारून किंवा हातोडीचा आवाज ऐकून केलेला अंदाज कितीही सरावाचा असला तरी अपुरा पडतो आणि काटा पाहणे अपरिहार्य ठरते. कॉम्प्रेसरच्या टाकीत साचणारे पाणी रोज काढून टाकले नाही तर ते हवेबरोबर टायरात जाते आणि रिमला आतून गंज चढवते, ही बाबही येथेच नोंदवली पाहिजे.

पंक्चरची कारणे या भागात शेतीशी जोडलेली आहेत. बाभळीचा काटा, तुरीचे तिरपे कापलेले खुंट, ट्रॉलीतून पडलेले खिळे आणि तारा हे नेहमीचे शत्रू होत. ट्यूब असलेल्या टायरात काटा घुसताच हवा लगेच जाते. ट्यूबलेस टायरात रबर खिळ्याभोवती आवळून बसते आणि हवा हळूहळू निघते, त्यामुळे चालकाला दोन-दोन दिवस पत्ता लागत नाही. दुकानात साबणाचे पाणी टायरवर फिरवले जाते, बुडबुडे जेथे उठतात ती जागा खडूने खुणावली जाते, पकडीने खिळा उपसला जातो, कानशीसारख्या खरबरीत सुईने भोक मोकळे केले जाते आणि चिकट रबरी पट्टी दुहेरी करून आत ठासली जाते. चाक गाडीवरून न काढताही हे काम दहा मिनिटांत होते, आणि येथेच खरा प्रश्न उभा राहतो. ती सुई जोरात फिरवली तर रेडियल टायरच्या पाठीखालील पोलादी तारा तुटू शकतात, भोक पूर्ण बंद झाले नाही तर पाणी शिरून त्याच तारा गंजतात, आणि मुख्य म्हणजे टायरच्या आत काय घडले आहे हे कोणालाच दिसत नाही.

टायर रिमवरून उतरवला की ते दिसते. कमी हवेवर काही किलोमीटर ओढलेल्या टायरच्या पोटात रबराचा काळा भुगा साचलेला असतो आणि बाजूच्या आतल्या अंगाला सभोवार घासल्याचा पट्टा उमटलेला असतो. असा टायर बाहेरून कितीही धडधाकट दिसला तरी तो निकामी झालेला असतो आणि कोणतीही पट्टी त्याला वाचवू शकत नाही. टायर आतून निरोगी असेल, भोक पाठीवरच्या नक्षीच्या भागात असेल आणि त्याचा व्यास सहा मिलिमीटरच्या आत असेल, तर आतली जागा घासून, सोल्यूशन लावून, देठ असलेला पॅच बसवणे ही योग्य दुरुस्ती होय. हा पॅच छत्रीच्या आकाराचा असल्याने त्याला मशरूम पॅच म्हणतात. त्याचा देठ भोक भरून काढतो आणि वरची चकती आतून हवा रोखते. टायरची बाजू, जिला दुकानात साइडवॉल म्हणतात, ती सतत वाकत असल्याने तेथील भोकाला दुरुस्ती नाही. बाहेरून मारलेली पट्टी घर किंवा पुढचे दुकान गाठण्यापुरती मानावी. तिच्या भरवशावर समृद्धीवर गाडी घालू नये.

झिजेची मर्यादा कायद्यानेच ठरलेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९४ व्या नियमानुसार मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये, आणि ही पातळी ओळखता यावी म्हणून खाचांच्या तळाशी छोटे आडवे उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बदलण्याची वेळ झाली. गोटा झालेला टायर कोरड्या रस्त्यावर कदाचित निभावून नेतो, पण पहिल्या पावसात खाचांवाटे पाणी बाहेर फेकले जात नाही आणि चाक पाण्यावर तरंगून सुकाणू निरुपयोगी होते. वय हा दुसरा निकष आहे. बाजूवर डीओटी या अक्षरांनंतर येणाऱ्या खुणांतील शेवटचे चार आकडे टायरचा जन्म सांगतात. २३१८ असे असल्यास तो २०१८ च्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. अंगणात उभ्या राहणाऱ्या, कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजण्याआधीच उन्हाने तडकतात, म्हणून पाच वर्षांनंतर त्यांची दरवर्षी तपासणी करून घेणे योग्य असते.

१ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ समृद्धीवर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा प्रथम टायर फुटल्याचे कारण पुढे आले, परंतु परिवहन विभागाच्या तपासणीत त्याचा पुरावा आढळला नाही. टायर फुटला असे म्हटले तरी पुढचा शोध थांबू नये, हे या घटनेतून स्पष्ट दिसते. प्रत्यक्षात टायर कारणाशिवाय फुटत नाही; कमी हवा, जादा भार, जुना घाव किंवा चुकीची दुरुस्ती यांच्या खुणा त्याच्या पोटात राहतात.

टायर दुरुस्तीचे हे सर्व काम करणारा कारागीर बहुधा लहानपणापासून एखाद्या उस्तादाच्या हाताखाली शिकलेला असतो आणि त्याच्या कामातील धोक्याची दखल क्वचितच घेतली जाते. ट्रकच्या जुन्या पद्धतीच्या रिमवर टायर अडकवून ठेवणारी लोखंडी लॉक रिंग नीट बसली नसेल तर हवा भरताना ती उडते आणि समोरच्याचा जीव घेऊ शकते. लोखंडी पिंजऱ्यात किंवा निदान साखळीने जखडून हवा भरणे हाच त्यावर उपाय आहे. अशा दुकानदाराला दहा मिनिटांत काम उरकण्याची घाई सहसा गिऱ्हाईकच लावते, आणि चाक उतरवून आतून पॅच लावण्याचे जास्त पैसे देताना तेच हात आखडता घेते. तेव्हा लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांनी आदल्या दिवशी सकाळी, चाके थंड असताना, स्टेपनीसह पाचही चाकांची हवा काट्यावर पाहून घ्यावी, पट्टी मारलेला टायर असल्यास तो उतरवून आतून तपासून घ्यावा, आणि दुकानदाराने टायर निकामी झाल्याचे सांगितले तर त्याच्याशी हुज्जत न घालता तो बदलावा.