माळ्यावरच्या चकत्या

दसरा-दिवाळीच्या सुमारास घर आवरूं लागलें म्हणजे नांदेड-लातूरकडच्या पुष्कळ सुशिक्षित घरांत माळ्यावरून एक खोकें खालीं येतें. त्यांत वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं मोठ्या हौसेनें घेतलेला संगणक असतो. त्याच्या दर्शनी अंगास एक अरुंद खाच व तिच्या वर तबकडी ठेवण्याचें सरकतें ताट असतें. आणि शेजारीं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत काळ्या-निळ्या चौकोनी चकत्या व कागदी पाकिटांतल्या चकाकत्या तबकड्या असतात. गृहिणी विचारते, "हें ठेवायचें कीं भंगारांत द्यायचें?" गृहस्थ उत्तर देतात, "असूं दे, केव्हां तरी उपयोगीं पडेल." आणि खोकें पुन्हां वर जातें. बाईंचा प्रश्न रास्त आहे आणि गृहस्थांचें उत्तर आळसाचें आहे, असें माझें मत आहे. तें कां, हें सांगण्यासाठीं आज मी आपणांपुढें आलों आहें.

तरुण श्रोत्यांपैकीं कित्येकांनीं फ्लॉपी ही वस्तु पाहिलीहि नसेल. प्लॅस्टिकच्या कवचांत चुंबकीय लेप दिलेली एक पातळ, लवचीक चकती, एवढेंच तिचें स्वरूप. साडेतीन इंची फ्लॉपी सोनी कंपनीनें १९८१ च्या सुमारास पुढें आणली. १९८७ पासून रूढ झालेल्या तिच्या सुधारलेल्या प्रकारांत १४,७४,५६० बाइट मावत. आजच्या मोबाइलनें घेतलेलें एक छायाचित्र ठेवावयास अशा दोन-तीन चकत्या पुरणार नाहींत. १९९८ सालीं ॲपलनें आपल्या नव्या संगणकास फ्लॉपीची खाचच ठेवली नाहीं, तेव्हां लोकांनीं नांवें ठेवलीं. पुढें इतर कंपन्यांनींहि तीच वाट धरली. आणि २०११ च्या मार्चांत सोनीनें जपानांतील आपली फ्लॉपीची विक्री थांबविली. मध्यंतरीं १९९५ च्या सुमारास झिप ड्राइव्ह नांवाचें शंभर मेगाबाइटांच्या जाड चकत्यांचें यंत्र आलें. तें आपल्या घरांतून फारसें आलें नाहीं. छापखान्यांत क्वचित् दिसे. घराघरांत शिरली ती तबकडी, म्हणजे सी. डी., आणि तीहि बहुधा लग्नाच्या निमित्तानें. एका तबकडींत सव्वा तासाहून थोडें कमी चलच्चित्र मावे. त्यामुळें मुहूर्त पहिल्या तबकडींत, जेवणावळ दुसरींत आणि वरात तिसरींत, अशी कार्याची वांटणी होई.

आतां मूळ प्रश्न. नित्याच्या व्यवहारासाठीं हीं यंत्रें आज उपयोगी आहेत काय? माझें उत्तर स्पष्ट 'नाहीं' असें आहे. बत्तीस गिगाबाइटांच्या एका साध्या पेनड्राइव्हमध्यें सुमारें २१,७०० फ्लॉप्यांचा मजकूर मावतो. नव्या संगणकांत फ्लॉपीची तार जोडावयास जागाच नसते, आणि पुष्कळांत तबकडीच्या ताटालाहि नसते. कोणी म्हणेल कीं जपानचें सरकार तर परवांपर्यंत फ्लॉपी वापरीत होतें. खरें आहे, तेथील नियमांतून फ्लॉपीची सक्ती २०२४ सालीं निघाली. अमेरिकेच्या अण्वस्त्रदलाच्या दळणवळणांत आठ इंची फ्लॉपी २०१९ पर्यंत होती, आणि बोइंग ७४७-४०० विमानांच्या मार्गदर्शनाची माहितीहि फ्लॉपीनेंच भरीत. परंतु हीं अवजड यंत्रें बदलणें खर्चाचें असतें म्हणून त्यांच्याबरोबर फ्लॉपी टिकली. आपल्या घरांत कांहीं विमान नाहीं.

तथापि नित्याचा उपयोग ही एक गोष्ट आणि अखेरचा उपयोग ही दुसरी. ती दुसरी गोष्ट मला माझ्या एका चुलत्यांच्या तीन फ्लॉप्यांनीं शिकविली.

हे चुलते हैदराबाद मुक्तिसंग्रामांत विद्यार्थिदशेंत सामील झाले होते. १९९८ सालीं त्या लढ्यास पन्नास वर्षें झालीं, तेव्हां मुलांच्या आग्रहावरून त्यांनीं आपल्या आठवणी सांगितल्या व लातुरांतील एका डी.टी.पी. करणाऱ्याकडून त्या जुळवून घेतल्या. कागदावर एकच प्रत काढली होती. ती कोणी वाचावयास नेली आणि ती परत आली नाहीं. आपल्याकडे पुस्तकांचें जें होतें तेंच झालें. चुलते वारले, फ्लॉप्या डब्यांत राहिल्या. गेल्या वर्षीं त्यांच्या नातीनें विचारलें, "काका, आजोबांनीं लिहिलेलें कोठें आहे?" तेव्हां डबा उघडला.

एका स्नेह्यांकडून यू.एस.बी.ची तार असलेला फ्लॉपी ड्राइव्ह आणला. असें यंत्र अद्याप मिळतें, आणि साडेतीन इंची चकती तें आजच्या विंडोजवरहि वाचतें. (सवा पांच इंची मोठी चकती मात्र त्यानें वाचतां येत नाहीं, तिला वेगळें यंत्र लागतें.) पहिली व तिसरी चकती उघडली. दुसरी मात्र खरखर आवाज करूं लागली, आणि पडद्यावर प्रश्न आला कीं, ही चकती फॉर्मॅट करावयाची काय? श्रोतेहो, ह्या प्रश्नास 'होय' म्हणावयाचें नसतें. चकती वाचतां येत नाहीं एवढाच त्याचा अर्थ असतो; 'होय' म्हटलें कीं जें उरलें असेल तेंहि पुसलें जातें. आम्हीं 'नाहीं' म्हटलें व चकती बाहेर काढली.

पण खरी अडचण उघडलेल्या चकत्यांनींच दाखविली. फाइली पेजमेकरच्या होत्या, आणि त्या कार्यक्रमाची शेवटची आवृत्ति २००१ सालीं निघाली. आमच्या संगणकास त्याची ओळखच नव्हती. खटपटीनें मजकूर बाहेर काढला, तों मराठीचें एक अक्षर दिसेना! इंग्रजी अक्षरें, कंस, टिंबें आणि उद्गारचिन्हें ह्यांची एक न संपणारी रांग. कारण असें कीं, मराठी अक्षरांचें इस्की हें मानक १९९१ सालीं ठरलें होतें व युनिकोडहि जन्मास आलें होतें, तरी छपाईच्या धंद्यांत श्रीलिपी, आकृती, आय.एस.एम., कृतिदेव असे ज्याचे त्याचे संकेत चालत. त्यांत 'क' हें अक्षर एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागीं बसविलेलें असे. तो फॉन्ट संगणकावर असला तर मराठी दिसावें, नसला तर जादूटोण्याचा मंत्र.

मराठवाड्यांतील श्रोत्यांना ही स्थिति अगदीं अपरिचित नाहीं. २०२३ सालीं कुणबी नोंदींच्या शोधासाठीं निजामी अमदानींतील दप्तरें उघडलीं गेलीं, तेव्हां मोडी आणि उर्दू वाचणारीं माणसें शोधावीं लागलीं. कागद शाबूत होता, वाचणारा दुर्मिळ झाला होता. परंतु मोडीस दुर्मिळ व्हावयास निदान दोन-तीन पिढ्या लागल्या. आमचीं अक्षरें पंचवीस वर्षांत मुकीं झालीं, आणि तीं लिहविणाऱ्याची नात अद्याप महाविद्यालयांत शिकते आहे!

शेवटीं उपाय सांपडला तो नांदेडच्या एका जुन्या छापखान्यांत. तेथील मालकांनीं आपला वीस वर्षांपूर्वींचा संगणक मोडींत काढला नव्हता. त्यास फ्लॉपीची खाच होती, आंत पेजमेकर होता आणि फॉन्टहि होते. तिसरी चकती त्यांनीं खाचेंत घातली, दोन-तीन फॉन्ट लावून पाहिले, आणि चौथ्या खेपेस पडद्यावर चुलत्यांचें वाक्य उभें राहिलें. तेथेंच आम्हीं सर्व पानें पी.डी.एफ. करून घेतलीं, दोन प्रती कागदावर छापल्या, आणि मग मजकूर युनिकोडांत बदलून घेतला. बदलतांना जोडाक्षरें व रफार पुष्कळ ठिकाणीं बिघडतात. म्हणून छापील प्रत समोर ठेवून नात रोज दोन-चार पानें दुरुस्त करीत बसली.

ह्यावरून माझें मत बनलें तें असें कीं, मराठी घरांत नुसत्या खाचेला किंमत नाहीं. सबंध जुन्या संगणकाला आहे. बाहेरून जोडावयाचा ड्राइव्ह चकती वाचील, परंतु चकतींतलें मराठी वाचावयास तो कार्यक्रम व तो फॉन्ट हवा, आणि ते दोन्हीं बहुधा त्या माळ्यावरच्या पेटींतच आहेत. म्हणून ती पेटी भंगारांत देण्यापूर्वीं एकदां चालू करा. चालू झाली तर 'फॉन्ट्स' नांवाचा सबंध फोल्डर उतरवून घ्या. आपलें लिखाण तेथेंच उघडून पी.डी.एफ. करा किंवा छापा. चालू झाली नाहीं तरी तिच्यांतली हार्ड डिस्क काढून ठेवा. ती जोडावयाचें साधन दुरुस्तीच्या दुकानांत असतें. आणि हें काम संपलें म्हणजे पेटी खुशाल ई-कचऱ्यांत द्या. जपून ठेवण्याचें कारण मग उरत नाहीं. "असूं दे" ह्या उत्तराविषयीं माझी तक्रार हीच आहे. त्यांत वस्तु राहते आणि काम राहून जातें.

चकती यंत्रांत घालण्यापूर्वीं तिच्या कोपऱ्यांतली लहान पट्टी सरकवून भोंक उघडें करावें, म्हणजे यंत्राला तिच्यावर कांहीं लिहितां येत नाहीं. धातूची झांकणी हलकेच बाजूस करून पाहावी. आंत पांढुरके डाग दिसले तर ती बुरशी होय; तशी चकती घातल्यास यंत्राचें वाचणारें डोकें खराब होतें आणि पुढच्या चांगल्या चकत्याहि बिघडतात. प्रत्येक गल्लींत असा ड्राइव्ह असावयास पाहिजे असें नाहीं. दहा-वीस घरांत एक असला तरी पुरे, आणि एखाद्या वाचनालयानें ठेवला तर फारच चांगलें.

तबकड्यांविषयीं थोडें. लोक तबकडीची खालची बाजू जपतात आणि वरच्या बाजूवर बॉलपेननें 'चि. सौ. कां.' लिहितात. वस्तुतः सी. डी.चा चकाकणारा थर वरच्या बाजूस, पातळ लाखेच्या खालींच असतो. पेनाचें टोंक त्यावर उमटलें कीं खालून कितीहि पुसा. शिवाय घरीं लिहिलेल्या तबकडींत रंगद्रव्याचा थर असतो, आणि ऊन व उष्णता हे त्याचे वैरी. मे महिन्यांत आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर काय होतें तें आपण जाणतांच. लग्नाच्या तबकड्या तेथें ठेवणें म्हणजे लोणचें उन्हांत विसरण्यासारखें आहे. तथापि तबकडीचा एक गुण मी नाकारणार नाहीं : एकदां लिहिली कीं ती बदलतां येत नाहीं. संगणकांत शिरून सर्व फाइलींस कुलूप घालणारे आणि खंडणी मागणारे जे विषाणु निघाले आहेत, त्यांची मात्रा कपाटांतल्या तबकडीवर चालत नाहीं. म्हणून डी. व्ही. डी. लिहिणारें बाहेरचें यंत्र घरांत असल्यास मी तें टाका म्हणणार नाहीं. मात्र तो दरवाजाहि लागत चालला आहे. ब्लू-रे जातीच्या कोऱ्या तबकड्या करणें सोनीनें २०२५ च्या फेब्रुवारींत थांबविलें.

"मग पेनड्राइव्हवर ठेवलें कीं झालें," असें कोणी म्हणेल. तसें होत नाहीं. त्यांतला मजकूर विद्युत्-भाराच्या रूपानें असतो, आणि वर्षानुवर्षें पडून राहिल्यास तो हळूहळू गळतो. एका प्रतीवर विश्वासूं नये. आणि सर्व प्रती एका घरींहि ठेवूं नयेत. हें दुसरें मी लातूर जिल्ह्यांत वेगळें सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरांत दगड-मातीचीं घरें बसलीं, हजारों माणसें गेलीं; आणि जीं वांचलीं त्यांतल्या कितीकांपाशीं गेलेल्यांचें एखादें छायाचित्रहि राहिलें नाहीं, कारण तें त्याच घराच्या ट्रंकेंत होतें. एक प्रत पुण्यास मुलीकडे, हैदराबादेस भावाकडे, निदान दुसऱ्या गांवीं असूं द्यावी.

चुलत्यांच्या दुसऱ्या चकतीचें काय झालें हें सांगावयाचें राहिलें. बिघडलेला भाग सोडून पुढें वाचणारा आणि मग मागें येऊन पुन्हां पुन्हां प्रयत्न करणारा एक मोफत कार्यक्रम मिळतो. त्यानें आम्हीं सबंध चकतीची नक्कल घेतली. निम्मीं पानें आलीं. जीं आलीं नाहींत त्यांत उमरखेडच्या सरहद्दीवरील छावणीचें प्रकरण आहे. तेथें रात्रीं चोरून भाकरी पोंचविणाऱ्या बायांचीं नांवें आपण त्यांत घातलीं आहेत, असें चुलते म्हणत असत. तीं दुसऱ्या कोणास ठाऊक असतील असें वाटत नाहीं. चकतीवरील चुंबकीय खुणा जशाच्या तशा टिपून घेणारीं लहान यंत्रें हौशी मंडळींनीं आतां तयार केलीं आहेत. तसें एक पुण्यांतील एका ओळखीच्या गृहस्थांपाशीं आहे. येत्या महिन्यांत नात तिकडे जावयाची आहे. तोंवर ती चकती खिडकीपासून दूर, कपाटाच्या मधल्या खणांत उभी करून ठेवली आहे, आणि डब्यावर नातीनें चिठ्ठी लावली आहे कीं, कोणीं हात लावूं नये.