मातीची साक्ष



भगवान ऋषभदेवांनी मानवाला शिकविलेल्या षट्कर्मांत कृषीला मानाचे स्थान आहे. दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या शेतीत रमलेला आहे. कृष्णा-वारणाकाठचा ऊस आणि तासगाव-मिरज भागातील द्राक्षबागा यांत त्याचे श्रम मिसळलेले आहेत. जैन दर्शनाने मातीलाही पृथ्वीकाय जीव मानले. म्हणून फवारलेल्या औषधाचे पुढे मातीत काय होते, हा प्रश्न या समाजाच्या दृष्टीने केवळ उत्पन्नाचा राहत नाही.

फवारणीचा काही अंश पानांवर न थांबता जमिनीवर उतरतो. काही औषधे ऊन, पाणी आणि सूक्ष्मजीव यांच्यामुळे थोड्याच काळात विघटित होतात. काही मात्र मातीच्या कणांना चिकटून वर्षानुवर्षे टिकतात. भारतात डी.डी.टी.चा शेतीतील वापर १९८९ साली बंद करण्यात आला, बी.एच.सी.वर १९९७ साली बंदी आली, तर एंडोसल्फानचा वापर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०११ साली थांबला. बंदीने नवी फवारणी थांबते. मातीत आधीच गेलेले विष त्यामुळे बाहेर येत नाही. जमिनीतील डी.डी.टी. निम्मे होण्यास २ ते १५ वर्षे लागू शकतात. भोपळावर्गातील काही वेली हे जुने अवशेष मुळांवाटे ओढून घेतात, असे संशोधनात दिसून आले आहे. आजोबांच्या काळातील फवारणी अशा रीतीने नातवाच्या ताटापर्यंत पोहोचू शकते.

येथे एक गैरसमज दूर होणे अगत्याचे आहे. २०१५ साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत १२ बाबींची नोंद असते : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि ५ सूक्ष्म अन्नद्रव्ये. कीटकनाशकांच्या अवशेषांचा रकाना तीत नाही. पत्रिका उत्तम आली म्हणून जमीन निर्विष आहे, असे मानणे चुकीचे ठरते. त्यातील तांब्याचा आकडा मात्र बागायतदाराने बारकाईने पाहावा. बोर्डो मिश्रणातील तांबे विघटित होत नाही; जुन्या बागेत ते साचत जाते.

अवशेषांची तपासणी स्वतंत्रपणे मागावी लागते आणि तिचे यश नमुन्यावर अवलंबून असते. वाफसा असताना शेतात नागमोडी चालत १५ ते २० ठिकाणी, पृष्ठभागापासून १५ सें.मी. खोलीपर्यंतची माती स्वच्छ खुरप्याने घ्यावी. बांध, विहिरीचा परिसर, झाडाची सावली आणि उकिरड्याजवळची जागा टाळावी. औषध कालवण्याच्या व पंप धुण्याच्या जागेचा नमुना वेगळाच ठेवावा. तो मिसळल्यास साऱ्या शेताचे चित्र बिघडते. सगळी माती एकत्र करून ढिगाचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत आणि सुमारे अर्धा किलो माती उरेपर्यंत हीच कृती करावी. नमुना उन्हात वाळवू नये, कारण काही औषधे उडून जातात. खताच्या पिशवीऐवजी काचेच्या स्वच्छ बरणीत भरून, थंड ठेवून तो लवकर पोहोचवावा.

सोबत गट नंबर, तारीख, खोली आणि आजवर वापरलेल्या औषधांची यादी द्यावी. प्रयोगशाळा ज्या औषधांचा शोध घेते, त्यांचेच उत्तर देते. म्हणून फवारणीची वही जपणे, हा तपासणीचाच पहिला भाग होय. अहवालातील ‘पीपीएम’ म्हणजे दहा लाखांत एक भाग. एक एकरातील १५ सें.मी. थराचे वजन सुमारे ९ लाख किलो भरते. त्यात ९०० ग्रॅम विष समप्रमाणात मिसळले, तर ते १ पीपीएम होते.

तणनाशकाची शंका असल्यास घरीही एक चाचणी करता येते. उसात वापरलेल्या ॲट्राझिनचा अंश उरला असल्यास संशयित मातीत पेरलेल्या काकडीची रोपे, स्वच्छ मातीतील रोपांच्या तुलनेत पिवळी पडून करपतात. ही केवळ प्राथमिक खूण आहे. प्रयोगशाळेची जागा ती घेऊ शकत नाही.

दोष आढळला तर जमीन टाकून देण्याचे कारण नाही. शेणखत आणि हिरवळीच्या खताने सूक्ष्मजीवांना बळ मिळते, तेच अनेक औषधांचे विघटन करतात. जेथे डी.डी.टी.सारखे चिवट अवशेष असतील, तेथे वेलवर्गीय भाज्या टाळाव्यात आणि काही वर्षांनी पुन्हा तपासणी करावी.

२००३ साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत औषधांचे अवशेष आढळले. त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांची तपासणी नियमित झाली, कारण परदेशी ग्राहकाने जाब विचारला. मातीला असा ग्राहक नाही. तिच्या वतीने विचारणारा तिचा मालकच असतो. घराच्या वाटण्या करताना जमिनीचा उतारा मुलांच्या हाती दिला जातो. त्यासोबत मातीचा हा अहवालही दिला जावा, म्हणजे वारसाला आपल्या वाट्याला नेमके काय आले, ते कळेल.