एका नळीचीं दोन दुखणीं



रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर पहांटे उभें राहिलें म्हणजे समुद्राच्या गाजेच्या आधीं कानीं येतो तो डिझेल इंजिनांचा आवाज. होड्या धक्क्याला लागतात, मासळीच्या टोपल्या उतरतात, आणि भरलेल्या गाड्या गांवाकडे चढूं लागतात. रूडॉल्फ डीझेल यानें १८९७ मध्यें यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनाचाच हा सारा वंशविस्तार. होडींतल्या इंजिनाचें दुखणें येथल्या माणसाला आवाजावरून कळतें. पण तशाच इंजिनाची मोटार घरीं आली म्हणजे तिच्याबरोबर एक अशी व्यवस्था येते कीं, ती बिघडली तरी इंजिन त्याचा सुगावा लागूं देत नाहीं. त्या व्यवस्थेविषयीं आज मी बोलणार आहें.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांची मोटार बंदरावरून मारुती मंदिराकडे चढतांना ओढेनाशी झाली. पुढें पंधरवड्यानें ब्रेकचें पेडल कडक लागूं लागलें. तक्रारी दोन, म्हणून कारागीरहि दोन झाले. एकानें टर्बो बदलावा लागेल असें सांगितलें. दुसऱ्यानें ब्रेकचे पॅड बदलले. पैसा गेला, गुण आला नाहीं. शेवटीं दोष सांपडला तो पंपापासून निघणाऱ्या रबरी नळीच्या वांकणावर, बोटाच्या पेराएवढ्या चिरेंत. दोन्हीं दुखण्यांचें मूळ तेथेंच होतें.

हें कसें घडतें? शहाळ्याचें पाणी नळीनें पितांना आपण पाणी ओढतों असें आपणांस वाटतें. वस्तुतः आपण नळींतील हवा तेवढी काढून घेतों. पाणी वर ढकलतो तो बाहेरचा वायुभार. नळीला चीर असेल तर कितीहि ओढलें तरी तोंडांत हवाच येते. हा वायुभार दर चौरस सेंटिमीटरला सुमारें एक किलो असतो, आणि आपल्या मोटारी त्याला नोकरीला ठेवतात.

ब्रेकच्या पेडलापुढें जो मोठा डबा असतो त्याला बूस्टर म्हणतात. त्यांत एक रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका अंगाची हवा काढून घेतलेली असते. पेडल दाबतांच दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा शिरते व पडद्याला पुढें ढकलते. पडद्याचा व्यास २३ सेंटिमीटर आणि दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलो भार धरला, तरी हा जोर ३०० किलोंहून अधिक होतो. एवढा अदृश्य गडी आपल्या पायाला हात देतो, म्हणूनच घरांतील कोणीहि सहज गाडी थांबवूं शकतें.

पेट्रोलच्या इंजिनांत हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. तिच्यामागें ही निर्वात, म्हणजे व्हॅक्यूम, आपोआप तयार होते. तेथें नळी फुटली तर इंजिनच अडखळतें व मालक सावध होतो. डिझेल इंजिनाला अशा झडपेमागची भरंवशाची ओढ मिळत नाहीं. म्हणून निराळा व्हॅक्यूम पंप ठेवावा लागतो. कांहीं गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीशीं, कांहींत कॅमशाफ्टच्या टोंकाशीं असतो. त्याची नळी फुटली तरी इंजिन पूर्वींसारखेंच फिरत राहतें. डिझेल गाडींतली ही गळती मुकी असते, आणि खरा धोका या मुकेपणांतच आहे.

आतां टर्बो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यानें १९०५ मध्यें ज्या कल्पनेचें पेटंट घेतलें, तिचें हें फळ: बाहेर जाणाऱ्या धुरावर चक्र फिरवावें व त्या चक्रानें इंजिनांत अधिक हवा कोंबावी. हा दाब कमीअधिक करणारा एक छोटा दांडा असतो, आणि पुष्कळ डिझेल गाड्यांत तो दांडा त्याच पंपाच्या ओढीनें हलतो. ओढ कमी पडली कीं दांडा पुरता ओढला जात नाहीं, हवा कमी पडते, आणि गाडी चढावर हांपते. अलीकडच्या कांहीं गाड्यांत हें काम विजेच्या मोटरीनें होतें. तेथें टर्बो व ब्रेक यांचें हें नातें नसतें. आपली गाडी कोणत्या जातीची, हें आधीं विचारून घ्यावें.

यांतून निदानाचें एक सूत्र हातीं येतें. ब्रेककडे जाणारी नळी जाड असते. टर्बोकडे जाणारी बारीक. केवळ चढावर दम कमी पडत असेल, तर बारीक नळी, तिचे सांधे व तिच्यावरील विजेची झडप पाहावी. केवळ पेडल कडक असेल, तर बूस्टर व त्याच्या तोंडाशीं असलेली एकेरी झडप पाहावी. दोन्हीं लक्षणें एकत्र आलीं, तर संशय प्रथम पंपावर व जाड नळीवर घ्यावा. संगणकाच्या तपासणींत ‘टर्बोचा दाब कमी’ एवढें उमटलें, तर तें लक्षण समजावें, कारण नव्हे.

ब्रेकची परीक्षा घरच्या घरीं होते. गाडी सपाट जागीं ठेवून चाकांना अडसर लावावा. इंजिन बंद असतांना पेडल चार-पांच वेळां दाबावें. तें कडक होईल. मग तसेंच दाबून धरून इंजिन सुरू करावें. पेडल पायाखालीं किंचित् खचलें, तर ओढ पोंचते आहे. दुसरी परीक्षा: इंजिन कांहीं वेळ चालवून बंद करावें व पांच मिनिटें थांबावें. त्यानंतरचे पहिले दोन दाब नेहमींसारखे हलके लागले पाहिजेत. पहिलाच कडक लागला, तर सांठविलेली ओढ कोठेंतरी निसटते आहे. पेडल दाबून धरलें असतां पायांशीं सतत फुसफुस ऐकूं आली, तर बूस्टरचा पडदाच फाटला असावा. पेडल मऊ पडून खोल जात असेल, तर मात्र तें दुखणें निराळें. तेथें ब्रेकचें तेल व त्यांतील हवा पाहावी.

पुढचें काम गेजचें व कारागिराचें. गेज प्रथम थेट पंपाला लावावा. समुद्रसपाटीला वायुभार पाऱ्याच्या सुमारें ३० इंचांइतका असतो. निरोगी पंप बहुधा २५ ते २७ इंच दाखवितो. हाच पंप सुमारें १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरीं चार-एक इंच कमी दाखवील, आणि तो त्याचा दोष नव्हे. पंप ठीक ठरला कीं एकेक शाखा जोडीत जावी. जी जोडतांच कांटा पडेल, तिच्यांत गळती. येथें साबणाचें पाणी उपयोगी पडत नाहीं, कारण बुडबुडा बाहेर यावयाच्या ऐवजीं फेंसच आंत ओढला जातो. वाळून चिरलेलें रबर, तेलानें फुगलेली नळी, सैल सांधा, आणि बंदरालगत उभ्या राहणाऱ्या गाडींत उंदरांनीं कुरतडलेली जागा, हीं नेहमींचीं स्थळें. नळींत तेल आढळलें, तर नवी नळी घालून थांबूं नये. पंपांतून तेल कां येतें हें शोधावें.

आतां सर्वांत महत्त्वाचें. तेल वांचविण्यासाठीं आंबा घाटासारख्या उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणारे लोक आहेत. इंजिन थांबलें कीं पंप थांबतो. बूस्टरांत उरलेली ओढ दोन-तीन दाबांत संपते, आणि पुढच्या वळणावर पेडल दगडासारखें लागतें. हा खेळ कधींहि करूं नये. चालत्या गाडींत पेडल अवचित कडक झालें, तर तें वारंवार दाबूं नये. पूर्ण जोरानें एकदांच दाबून धरावें. ब्रेक मेलेला नसतो, फक्त मदतनीस गेलेला असतो. गिअर उतरवीत गाडी कडेला घ्यावी, आणि दुरुस्तीवांचून ती पुढें हांकूं नये.

त्या गृहस्थांची नळी काडीमोलाची होती. चढावर गाडी हांपली तो पहिला इशारा होता. तो त्यांनीं केवळ गैरसोय मानला. गाडी त्यांना सपाटीवर कडक पेडल देऊन सोडून गेली, घाटांत नव्हे, हें त्यांचें भाग्य. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळांत मिरकरवाड्याचा मच्छीमार होडी किनाऱ्याला घेतो, इंजिन उघडतो, जाळ्याचा एकेक आंस तपासतो. कारण समुद्रांत गेल्यावर तपासायला सवड नसते. आपल्या गाडीच्या नळ्यांवरूनहि पावसाळ्यापूर्वीं एकदां हात फिरवावा, आणि जी हाताला चरचरीत लागेल, ती तेव्हांच बदलावी.