पोरींच्या खेळामागं उभं कोण राहणार?

आम्ही दिग्रसच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आज कर्ज-हप्त्याचा विषय नाही. आज बोलायचं आहे पोरींच्या खेळाबद्दल.

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवते ना? नवी मुंबईत आपल्या पोरींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. सांगलीची स्मृती मंधाना त्या संघाची उपकर्णधार. साऱ्या गावानं टाळ्या वाजवल्या. पण या पोरींसाठी वाट कुणी तयार केली, ते फारसं कुणी सांगत नाही.

बायांच्या क्रिकेटची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ साली पुण्यात झाली. संघ आले अवघे तीन. त्याच पुण्याची शुभांगी कुलकर्णी १९७६ मध्ये सतराव्या वर्षी भारताकडून कसोटी खेळली. पुढे कर्णधार झाली. त्या काळच्या खेळाडू आरक्षण नसलेल्या डब्यातून, सामान सांभाळत प्रवास करायच्या. मुक्काम वसतिगृहात. मानधन नावालाही नाही.

खेळ थांबला की बहुतेक जणी घरी बसतात. शुभांगीताई बसल्या नाहीत. त्या महिला क्रिकेट संघटनेच्या सचिव झाल्या, आणि त्या सचिव असतानाच २००६ मध्ये महिलांचं क्रिकेट बीसीसीआयच्या छत्राखाली आलं. मुंबईच्या डायना एडलजींनी रेल्वेत नोकरी करता करता इतर खेळाडूंनाही रेल्वेत नोकऱ्या मिळाव्यात म्हणून खटपट केली. पुढं २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या क्रिकेट प्रशासकांच्या समितीत त्या होत्या. अखेर २०२२ मध्ये बाई आणि पुरुषाला सामन्याचं मानधन सारखं झालं, कसोटीला १५ लाख रुपये.

हिशेब करा. १९७३ ते २०२२, म्हणजे ४९ वर्षं. या साऱ्या वर्षांत पोरींच्या अंगात खेळ होताच. कमी होती ती त्यांच्यासाठी भांडणाऱ्यांची.

आता आपल्याकडं पाहू. सातवीपर्यंत खो-खोत पोरी वाऱ्यासारख्या पळतात. आठवी-नववीत एकेक गळायला लागते. पाळी सुरू होते, मैदानाजवळ संडास नसतो. सरावाहून येता येता अंधार पडतो. जिल्ह्याच्या स्पर्धेला यवतमाळला जायचं तर सोबत कोण जाणार? मग घरचे म्हणतात, "राहू दे, काय करायचं खेळून?"

काय करायचं म्हणता? खेळाडूला दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. आणि पळणारी पोर दमदार होते, तिच्या अंगात रक्त कमी का, हेही लवकर ध्यानात येतं.

आमच्या गटानं तीन गोष्टी ठरवल्या आहेत. तुमच्याही बैठकीत मांडा.

एक, शाळेच्या व्यवस्थापन समितीत आया असतातच. त्यांनी मैदानाजवळ पाणी आणि दार लागणारा संडास मागायचा, तोंडी नाही, लेखी अर्ज देऊन.

दोन, पोरी बाहेरगावी स्पर्धेला जातील तेव्हा गटातली एक बाई पाळीपाळीनं सोबत जाईल.

तीन, प्रशिक्षक किंवा कुणीही अंगलट आलं, वाईट बोललं, तर पोरीला गप्प बसवायचं नाही. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात क्रीडा संकुल आणि मैदानसुद्धा कामाचं ठिकाण धरलं आहे. पोर अठराच्या आतली असेल तर पोक्सो कायदा लागतो. १०९८ वर फोन करा, तो फुकट आहे. आधी तिचं ऐका, मग "खेळ सोड" म्हणायचं की नाही ते ठरवा. चूक तिची नाही, मग मैदान तिनं का सोडावं?

आपल्यातली प्रत्येक पोर काही विश्वचषक जिंकणार नाही. पण नववीत तिचा खेळ तुटू नये, एवढं तर आपल्या हातात आहे. येत्या बैठकीत वही उघडाल तेव्हा कर्जाच्या खाली आणखी एक रकाना आखा: आपल्या वस्तीतल्या किती पोरी अजून खेळतात? आकडा लिहा. पुढच्या वर्षी तो घटू द्यायचा नाही.